दिवाळीच्या सुट्टीत पार्किंगमधला अजिंक्यतारा: अर्जापासून माती परत टाकेपर्यंत

परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी दिवाळीच्या किल्ल्याचा चिखल कालवायला घ्यायचा असेल, तर सोसायटीकडचा अर्ज आठवडाभर आधी गेलेला हवा. ज्यांना स्वतःचं अंगण आहे त्यांना हा टप्पा नाही. पण साताऱ्यातही आता बरीच मुलं फ्लॅटमध्ये वाढतात आणि किल्ल्याचं घोडं बहुतेक वेळा जागेपाशीच अडतं. मुलांचा उत्साह ओसंडत असतो, एखादे काका पार्किंगमध्ये चिखल बघून ओरडतात आणि सगळं तिथंच संपतं. उरलेली सुट्टी मग मोबाइलवर जाते.

२०२५ ची वसुबारस १७ ऑक्टोबरला होती. आमच्या सोसायटीत सचिवांकडे अर्ज दिला १० तारखेला. अर्जात पाच गोष्टी लिहिल्या होत्या: नेमकी जागा (पार्किंगचा दक्षिणेकडचा कोपरा), माप (५ फूट बाय ४ फूट), कधीपासून कधीपर्यंत, पाणी कुठलं वापरणार आणि जागा साफ करून देण्याची हमी. शिवाय ज्यांच्या गाडीची जागा त्या कोपऱ्याला लागून होती, त्यांची सही घेऊन संमतीपत्र जोडलं. हे पत्र आधीच जोडलेलं असेल तर कमिटीत चर्चा लांबत नाही. होकार आला १४ तारखेला, तीन अटींसह. मीटरच्या खोलीची वाट मोकळी ठेवायची, पाणी पिण्याच्या टाकीचं न घेता बोअरचं घ्यायचं आणि हजार रुपये अनामत भरायची. अनामत भरली की पावती मागून घ्या. रक्कम लहान असली की तोंडी व्यवहार होतो आणि महिन्याभरानं कुणालाच काही आठवत नाही.

उत्तर येईपर्यंतचे दिवस वाया घालवायचे नाहीत. १२ तारखेच्या रविवारी सकाळी मुलं अजिंक्यताऱ्यावर गेली. कोणता किल्ला करायचा यावर प्रतापगड आणि अजिंक्यतारा अशी दोन मतं होती. माझं मत अगदी स्पष्ट आहे: पायी जाऊन बघता येतो तोच किल्ला करावा. फोटो बघून केलेल्या किल्ल्यात बुरूज सुरेख होतात, पण दरवाजातून आत शिरल्यावर डावीकडे काय आणि उजवीकडे काय, हे मुलांना सांगता येत नाही. अजिंक्यताऱ्याला डांबरी रस्ता थेट महादरवाजापर्यंत आहे, त्यामुळे लहान मुलंही दमत नाहीत. निघायचं मात्र उजाडता उजाडता. ऑक्टोबरचं ऊन नऊनंतर चांगलंच लागतं.

वर जाताना आलेखाची वही, पेन्सिल, दोरा आणि पाणी एवढंच पुरतं. प्रत्येक मुलाला एकेक भाग वाटून द्यावा. एकाकडे महादरवाजा आणि त्याचे दोन बुरूज, एकाकडे दक्षिण दरवाजा, एकाकडे पाण्याची तळी, एकाकडे मारुतीचं देऊळ, एकाकडे महाराणी ताराबाईंच्या वाड्याचे अवशेष, एकाकडे मंगळाईचं देऊळ आणि बुरूज. त्यानं फक्त आपला भाग नीट बघायचा, पावलांनी मोजायचा आणि कागदावर काढायचा. सगळ्यांनी सगळं बघायचं ठरवलं की कुणीच काही बघत नाही.

मंगळाईच्या बुरुजापाशी जरा जास्त वेळ थांबावं. शिलाहार राजा दुसरा भोज यानं बाराव्या शतकाच्या अखेरीस हा गड बांधला आणि १६७३ मध्ये तो शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला, हे मुलं पुस्तकात वाचतात आणि विसरतात. पण १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः खाली तळ देऊन बसला, किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी गड महिनोन्महिने झुंजवला, मोगलांनी तट उडवायला सुरुंग लावले आणि त्यातल्या एका सुरुंगानं ढासळलेला तट मोगलांच्याच सैन्यावर कोसळला, हे त्या जागी उभं राहून सांगितलं की कुणी विसरत नाही. पुढे एप्रिल १७०० मध्ये गड औरंगजेबाच्या हाती गेला आणि त्यानं त्याला आझमतारा म्हटलं. ताराबाईंच्या सैन्यानं तो परत घेतला तेव्हा अजिंक्यतारा हे नाव मिळालं. पुढे १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यातच झाला. ही गोष्ट ऐकल्यावर मंगळाईचा बुरूज कुणी बांधायचा यावर भांडण होणार हे धरून चला. चिठ्ठ्या टाकून मोकळं व्हावं.

उतरल्यावर त्याच दिवशी नकाशा काढून घ्यायचा. वहीतला एक मोठा चौकोन म्हणजे आपल्या मातीच्या किल्ल्यावरचे ठरावीक इंच, असं धरलं की कुठं काय बसतं ते कळतं. एक तडजोड मात्र करावी लागते. आडवं आणि उभं माप एकाच प्रमाणात घेतलं तर डोंगर चपटा दिसतो. उंची साधारण दुपटीनं वाढवली की तो डोंगरासारखा दिसायला लागतो. आमची उंची अडीच फूट ठरली.

आता माती. डोंगरउताराची माती किंवा मुरूम खणून आणू नका. मुरूम हे गौण खनिज आहे, त्याच्या उत्खननाला महसूल खात्याची परवानगी लागते, आणि वनखात्याच्या हद्दीत तर हातच लावायचा नाही. रोपवाटिकेत लाल मातीची पोती मिळतात. घेताना ‘खत न मिसळलेली’ असं स्पष्ट सांगावं. शेणखत मिसळलेली माती धरून राहत नाही, चार दिवसांत तिला बुरशी येते आणि वासही. कृष्णाकाठची काळी माती फुकट मिळाली तरी नुसती वापरू नये. ती ओली असताना फुगते आणि वाळताना इतकी आकसते की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. थोडी मिसळली तर चालते. लाल तीन घमेली आणि काळी अर्धं घमेलं, एवढ्यानं उलट चिकटपणा येतो.

किती माती लागेल याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो, कारण सगळा डोंगर मातीचा धरला जातो. तेवढा भरीव डोंगर पाऊण टनाच्या पुढे जाईल. आत विटांचे तुकडे रचले आणि वर दोन इंचांचा थर दिला, तर २५ किलोची आठ पोती पुरतात. विटांचे तुकडे शेजारच्या बांधकामावरून मालकांना विचारून आणले, ते फुकट मिळाले. बाकीचा खर्च असा: माती ६४० रुपये, धान्याच्या दुकानातली जुनी तागाची दहा पोती २००, गव्हाचा भुसा ४०, हळीव ४०, गेरू आणि पांढरी रांगोळी मिळून ४०, मातीचे बारा मावळे ३००, महाराजांची मूर्ती २००, प्लॅस्टिकचा मोठा कागद २५०, टेम्पोचं भाडं २६०. एकूण १९७० रुपये. नऊ घरांनी प्रत्येकी २२० काढले आणि दहा रुपये उरले. चुना आणायचा नाही. डोळ्यात गेला तर इजा होते, आणि पांढऱ्या रेघांना रांगोळी चालते.

मावळे सगळ्यात आधी आणायचे, किल्ल्याला एक मूठही माती लागायच्या आत. राजवाडा परिसरात दिवाळीच्या आधी ते विकायला असतात. मुलं हमखास उलटं करतात. दरवाजा बांधून होतो, मग मावळे येतात, आणि तीन इंचांचा मावळा अडीच इंचांच्या दरवाजासमोर उभा राहतो. मावळा मोजायचा आणि दरवाजा त्याच्या दीडपट ठेवायचा. पायऱ्यांची रुंदीही त्याच्या तळव्यावरून ठरवायची, नाहीतर तो पायरीवर उभाच राहत नाही.

१६ तारखेला सकाळी कामाला लागलो. प्लॅस्टिकच्या कागदाचे दोन तुकडे करून एक खाली अंथरला. हा अंथरलाच पाहिजे, कारण लाल मातीचा डाग फरशीच्या सांध्यात बसला की निघत नाही. त्यावर खडूनं गडाचा साधारण त्रिकोणी आकार काढला आणि विटांचे तुकडे रचले. मोठे खाली, लहान वर, आणि मधल्या फटींत बारीक खडी. इथं कंटाळा केला तर पुढे सगळं खचतं. आतल्या पोकळीवर ओल्या मातीचा भार आला की डोंगर एका बाजूनं बसतो आणि वरचा तट तडकतो. रचून झाल्यावर सगळ्यात जड मुलानं वर हात टेकून जोर द्यायचा. काही हललं तर परत रचायचं.

मग चिखल. तीन घमेली लाल माती चाळून घ्यायची, त्यात अर्धं घमेलं काळी आणि साधारण तेवढाच भुसा. पाणी एकदम ओतायचं नाही, हातानं शिंपडत जायचं. भुशामुळे वाळताना माती सगळीकडून सारखी ओढली जाते आणि मोठी भेग न पडता बारीक रेघांवर भागतं. चिखल जमला का हे बघायला मुठीत लाडू वळायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. पसरला तर पाणी जास्त, फुटला तर कमी. नुसता चपटा झाला तर बरोबर. ही परीक्षा पाच-सहा वर्षांच्या मुलांकडे द्यावी. ती दिवसभर लाडू सोडत राहतात, आणि खरंच उपयोगाचं काम होतं. त्यांना वेगळं घमेलं द्या म्हणजे मोठी मुलं ‘बाजूला हो’ म्हणून वैतागत नाहीत.

तागाची पोती पातळ चिखलात बुडवून, पिळून विटांवर टाकायची. पोत्याच्या चुण्या पसरून सपाट करू नका, त्या चुण्याच कडे आणि घळी दिसतात. त्यावर एक इंचाचा पहिला थर थापायचा आणि ओला असतानाच काटकीनं आडव्यातिडव्या रेघा ओढायच्या, म्हणजे दुसरा थर धरतो. दोन इंच एकदम थापले तर वरची माती वाळते, आतली ओली राहते आणि वरचा पापुद्रा सुटून येतो. दोन थर, मध्ये किमान दीड दिवस, आणि वर ओलसर पोतं झाकलेलं. उन्हात घाईनं वाळवू नये.

सुट्टीचा खरा कस लागतो तो इथं. किल्ला वाळत असतो आणि मुलांना हात लावायला मनाई असते. त्या दीड दिवसात बरीच मुलं पांगतात आणि परत येत नाहीत. नुसतं ‘आता चित्रं काढा’ म्हणून भागत नाही, मुलांना ती टाळाटाळ लगेच ओळखू येते. वाळायच्या वेळात दिलेलं काम किल्ल्यावर लागणारंच असावं.

आम्ही तटबंदीच्या विटा त्या वेळासाठी राखून ठेवल्या. काडेपेटीचा आतला खण हा साचा. आत चिमूटभर कोरडी राख भुरभुरायची, चिखल दाबून भरायचा, पालथा करून टिचकी मारायची की वीट सुटते. राख नसेल तर कागदी खण दोन-चार विटांतच भिजून फाटतो. गच्चीवर वर्तमानपत्रावर मांडलेल्या विटा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाळतात, मध्ये एकदा उलटवाव्या लागतात. नऊ मुलांनी दोन बैठकींत भरपूर विटा पाडल्या आणि मग त्यांना स्वतःच्या विटा लावायची घाई झाली, म्हणजे सगळी परत आली. मोठ्या दोघींनी त्याच वेळात जाड पुठ्ठ्यावर नावांच्या पाट्या केल्या आणि येणाऱ्यांना द्यायची माहिती लिहून काढली. एका भागाला पाच वाक्यं, त्याहून जास्त नाही. पाठ करून म्हणायची नाहीत, बघून समजावून सांगायची.

धनत्रयोदशीला, १८ तारखेला, दुसरा थर दिला आणि बांधकाम सुरू झालं. महादरवाजाच्या कमानीसाठी प्लॅस्टिकच्या बाटलीचा उभा अर्धा भाग साचा म्हणून ठेवला. बाटलीभोवती कागदाचा एक वेढा देणं फार महत्त्वाचं आहे. दुसऱ्या दिवशी बाटली आधी सरकते आणि कागद मागाहून निघतो. कागद नसेल तर बाटलीबरोबर कमानीची आतली माती येते. ओली असताना साचा काढला तर कमान मधोमध बसणारच.

पायऱ्या कधी कोरायच्या यालाही वेळ आहे. माती बोटाला चिकटत नाही, पण नखानं दाबलं की खूण उमटते, अशी झाली की सुरीऐवजी जुनी लोखंडी पट्टी घ्यायची. पट्टी आधी सरळ खाली दाबायची, मग पुढून आडवी आत सरकवायची, आणि सुटलेला तुकडा फुंकरीनं उडवायचा. या अवस्थेत कोरलेल्या पायऱ्यांच्या कडा धारदार राहतात. खालून वर कोरत गेलं तर वरची माती खालच्या पायऱ्यांवर सांडते, म्हणून सुरुवात दरवाजापासून करून खाली यायचं. हे काम एका वेळी एकाच मुलाचं, आणि बाकीच्यांनी श्वास रोखून बघण्याचं.

तळ्यांसाठी आइस्क्रीमचे लहान डबे कडेपर्यंत मातीत बसवले. पाणी थेट मातीत सोडलं तर रात्रीत झिरपून तळाचा थर सैल होतो. डब्यातलं पाणी रोज बदलायचं, साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या व्हायला वेळ लागत नाही.

हिरवळीसाठी हळीव हेच बियाणं. मोहरी आणि धने उतारावरून घरंगळून पायथ्याशी गोळा होतात. हळीव ओलं झालं की त्याला बुळबुळीत आवरण येतं आणि ते उभ्या कड्यालाही चिकटून बसतं. दुसरा थर ओलसर असतानाच, १८ च्या संध्याकाळी, ते पेरलं. १०० ग्रॅम पुरून उरतं. दाट पेरलं तर मुळांना हवा न मिळून मध्येच कुजतं, म्हणून दोन दाण्यांत दाण्याएवढी जागा हवी. वाटा, पायऱ्या आणि तट सोडून पेरायचं. पाणी फवाऱ्याच्या बाटलीनं, सकाळ-संध्याकाळ. तांब्यानं ओतलं की बी आणि माती दोन्ही वाहून जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोड दिसतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी डोंगर हिरवा होतो. थंडी लवकर पडली तर आणखी एक दिवस धरावा. पार्किंगमध्ये उजेड एकाच बाजूनं येत असेल तर रोपं तिकडं झुकतात, त्याला इलाज नाही आणि ते वाईटही दिसत नाही.

१९ ला संध्याकाळी पावसाची सर आली. ऑक्टोबरात साताऱ्यात अशी सर येते, हे धरूनच कागदाचा दुसरा तुकडा राखून ठेवला होता. कागद थेट किल्ल्यावर टाकू नये, ओले बुरूज दबतात. चार कोपऱ्यांना चार काठ्या बांधून त्यावर ताणावा आणि एक बाजू खाली ठेवावी, म्हणजे पाणी साचत नाही. रात्री हेच छत मांजरांपासूनही वाचवतं. मऊ, सुकी माती त्यांना फार आवडते.

नरकचतुर्दशीला, २० तारखेला, अभ्यंगस्नान आणि फराळ उरकून मुलांनी भेगा बुजवल्या. भेगेत आधी पाणी फवारायचं, मग पातळ काला बोटानं भरायचा. कोरड्या भेगेत भरलेला चिखल तासाभरात सुटतो. मग तटाला गेरू, वाटांना रांगोळी, पाट्या, मावळे, आणि चिठ्ठी निघाली त्या मुलीच्या हातून महाराजांची मूर्ती. पणत्या विटेच्या तुकड्यावरच ठेवायच्या. माती कुठं निघाली असेल तर आतला ताग पेट घेतो. किल्ल्यापासून दहा पावलांत फटाके लावायचे नाहीत, हे मुलांनी स्वतः पाटीवर लिहिलं आणि मोठ्यांनाही पाळायला लावलं.

लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज, म्हणजे २१ ते २३, या तीन संध्याकाळी बिल्डिंगमधले आणि पाहुणे मंडळी बघायला आली. पाळी लावून घ्यावी, एका वेळी दोघंच माहिती सांगतील आणि बाकीची पाणी व पणत्या बघतील. लाजरी मुलं आधी नुसती पाट्यांकडं बोट दाखवतात. त्यांना दामटू नये. एखाद्या आजोबांनी ‘इथं सुरुंग कुठं लागला रे?’ असं विचारलं की ती आपण होऊन बोलायला लागतात. आजी-आजोबांना आधी सांगून ठेवा, की उत्तर माहीत असलं तरी प्रश्न विचारा.

बाजारात आयते किल्ले मिळतात, प्लास्टरचे, रंगवलेले. ज्या घरात खरंच जागा नाही त्यांनी ते आणण्यात काही गैर नाही. पण तो ठेवायला पाच मिनिटं पुरतात, आणि मुलांची सुट्टी तर दहा-बारा दिवसांची असते.

किल्ला उतरवायचा दिवसही आधीच ठरवावा. आम्ही २६ ऑक्टोबरचा रविवार धरला, शाळा सुरू व्हायच्या आत. मुलांना तोडायला नको वाटतं, म्हणून शाळा सुरू झाल्यावर ते काम मोठ्यांवर पडतं आणि महिनाभर रेंगाळतं. मावळे आणि मूर्ती कोरड्या ब्रशनं पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून तांदळाच्या भुशात ठेवल्या. किल्ल्यावर आधी पाणी मारून अर्धा तास थांबायचं, म्हणजे धूळ उडत नाही. माती चाळून कुंड्यांमध्ये आणि सोसायटीच्या झाडांच्या आळ्यात गेली, भुसा आणि हळिवाची मुळं त्यातच कुजतात. ती घंटागाडीत टाकू नका, राडारोडा म्हणून गाडी घेत नाही. विटा जिथून आणल्या तिथं परत दिल्या. पोती धुऊन, वाळवून घडी घातली, ती पुढच्या खेपेला चालतात.

सचिवांनी २७ तारखेला जागा बघितली आणि हजार रुपये परत दिले. परतीच्या पावतीवर ‘जागा स्वच्छ करून मिळाली’ असं लिहून, तारीख आणि सही घेतली. पुढच्या वर्षीच्या अर्जाला हीच पावती जोडायची.